निलंबनाचा कागद घरी पोहोचतो तेव्हा

निलंबनाचा हुकूम कामगाराच्या हातात पडतो तो बहुधा ड्यूटी संपता संपता. साहेबांच्या खोलीतून बोलावणे येते, शिपाई वहीवर सही घेतो आणि एका पानाचा कागद खिशात घालून माणूस बाहेर पडतो. त्या कागदावर त्याचे नाव असते, हुद्दा असतो, नियमाचा आकडा असतो आणि परवानगीशिवाय मुख्यालय सोडू नये अशी तंबी असते. त्याच्या बायकोचे, मुलांचे, म्हाताऱ्या आईचे नाव त्यात कुठेच नसते. हुकूम मात्र त्या सगळ्यांना त्याच दिवसापासून लागू होतो.

संघटनेकडे अशी प्रकरणे येतात ती फायलीच्या रूपाने. शाखा सचिव हुकूम, आरोपपत्र, खुलासा असे कागद बांधून आणतात. आम्ही ते वाचतो, मुद्दे काढतो, अपील लिहून देतो. यात गैर काही नाही, ते आपले कामच आहे. पण बरीच वर्षे एक गोष्ट आमच्या ध्यानात येत होती आणि आम्ही तिच्याकडे काणाडोळा करीत होतो. पुष्कळ प्रकरणे कार्यालयात बिघडत नाहीत, ती घरात बिघडतात. कारण कामगार घरी सांगतच नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या एका जंक्शनवरील आपल्या एका मराठी साथीची हकीकत आम्हाला जवळून ठाऊक आहे. शंटिंगच्या वेळी डबा घसरला, चौकशीपूर्वीच तिघे निलंबित झाले, त्यांत हा एक. तो तेवीस दिवस रोज डबा घेऊन ड्यूटीच्या वेळेला घरातून निघत होता. कधी देवळात, कधी स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून वेळ काढीत होता. रात्रपाळीच्या आठवड्यात तर त्याचे फारच हाल झाले. कॉलनीत सर्वांना माहीत होते. वहिनींना कळले ते शेजारच्या मुलाच्या तोंडून, मुलांच्या भांडणात. मधल्या काळात शाळा सुरू झाली म्हणून त्यांनी वह्या-पुस्तके आणि गणवेश उधारीवर आणले होते. पगार झाला की देऊ, असा हिशेब. पहिली तारीख आली आणि खात्यात काहीच जमा झाले नाही. निर्वाह भत्त्यासाठी जे प्रमाणपत्र द्यावे लागते, ते को‍ऱ्या नमुन्यावर तसेच त्याच्या पँटच्या खिशात घडी होऊन पडले होते.

वहिनी स्वतः तो कागद घेऊन शाखेत आल्या. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. तुम्हा सर्वांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, मग मला कोणीच का सांगितले नाही, एवढेच त्यांनी विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही, आणि म्हणूनच हा अग्रलेख लिहायला घेतला आहे.

निलंबन ही शिक्षा नव्हे, हे आम्ही सभांतून शंभर वेळा सांगितले आहे. कायद्याच्या भाषेत ते खरेच आहे. रेल्वे कामगारांना लागू असलेल्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतील नियम ५ घ्या, की टपाल खात्यासह इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या १९६५ च्या नियमांतील नियम १० घ्या. दोन्हींत निलंबन म्हणजे चौकशी चालू असताना किंवा होणार असताना माणसाला कामापासून दूर ठेवणे, इतकेच. दोष सिद्ध झालेला नसतो. नोकरी गेलेली नसते. मालक-नोकर हे नाते तुटलेले नसते. अटक होऊन ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली तर वेगळा विचार न करताही माणूस निलंबित झाला असे मानले जाते, मग पोलिसांची तक्रार खरी असो की खोटी. पण हे सारे नियमावलीत. कॉलनीतल्या नळावर आणि किराण्याच्या दुकानात भाषा वेगळी असते. तिथे 'सस्पेंड झाला' म्हणजे 'काहीतरी केलेच असणार'. कामगाराला भीती वाटते ती साहेबाची कमी आणि या भाषेची जास्त. तो गप्प बसतो त्याचे कारण हेच, आणि आम्ही त्याला दोष देत नाही. पण गप्प बसण्याची किंमत रुपयांत आणि दिवसांत मोजावी लागते, ती कशी ते सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट पैशाची. निलंबित कर्मचाऱ्याला पगार मिळत नाही, निर्वाह भत्ता मिळतो. पहिल्या तीन महिन्यांसाठी तो अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका असतो आणि त्या रकमेवर महागाई भत्ता मिळतो. मूळ वेतन ४०,००० रुपये असेल तर भत्ता २०,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता, असा हिशेब. भाड्याच्या घरात राहणाऱ्याचा घरभाडे भत्ता मात्र निम्मा होत नाही. निलंबनाच्या दिवशीच्या वेतनावर तो मिळत राहतो. रनिंग स्टाफचे मायलेज अर्थातच बंद होते, आणि ज्यांचे घर मायलेजवर चालते त्यांना हा फटका निम्म्या पगारापेक्षाही मोठा बसतो. तीन महिन्यांनंतर भत्त्याचा फेरविचार करावा लागतो. चौकशी लांबली ती कर्मचाऱ्याच्या दोषामुळे नसेल, तर मूळ भत्त्याच्या ५० टक्क्यांपर्यंत वाढ देता येते. वरच्या उदाहरणात २०,००० चे ३०,००० होऊ शकतात. दिरंगाई त्याच्यामुळे झाली असे ठरले तर तितकीच कपातही होऊ शकते आणि २०,००० चे १०,००० होतात. नोटीस घ्यायला टाळाटाळ करणारा, चौकशीला दांडी मारणारा, घरी न सांगता बाहेर भटकणारा माणूस स्वतःच्या हाताने दुसऱ्या रकान्यात जाऊन बसतो. नव्वद दिवस उलटताच वाढीचा अर्ज द्यायला हवा. प्रशासन आपणहून वाढ देते असे समजून बसणाऱ्यांना आम्ही फार वाट पाहताना पाहिले आहे.

आणि हा भत्ता आपोआप खात्यात पडत नाही. मी दुसरी कोणतीही नोकरी, धंदा किंवा व्यवसाय करीत नाही, असे प्रमाणपत्र कर्मचाऱ्याने सही करून द्यावे लागते. ते गेले नाही की बिल अडते. वर सांगितलेल्या साथीचे तेच झाले. म्हणून घरच्या माणसाने विचारण्याचा पहिला प्रश्न 'तुम्ही काय केलेत?' हा नव्हे. 'ते प्रमाणपत्र दिले का, पोच घेतली का?' हा आहे.

या प्रमाणपत्राबाबत एक गैरसमज घरोघरी आढळतो. बंधन आहे ते निलंबित कर्मचाऱ्यावर. त्याने मित्राची रिक्षा चालवली, दुकानात बसून हिशेब लिहिले, तर प्रमाणपत्र खोटे ठरेल आणि नवे प्रकरण अंगावर येईल. पण पत्नी शिवणकाम करीत असेल, डबे देत असेल, शाळेत शिकवीत असेल, तर ते तिचे काम आहे. भीतीपोटी घाईघाईने आपले शिवणयंत्र बंद करून ठेवणाऱ्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. ऐन गरजेच्या वेळी घरातला दुसरा चुलाही विझवायचा, याला काही अर्थ नाही.

भत्त्यातून काय कापले जाईल, हेही दोघांनी मिळून पाहावे. आयकर, क्वार्टरचे भाडे, वीज-पाणी, सरकारी कर्जाचे हप्ते, गटविमा या कपाती होणारच. विम्याचे हप्ते, सहकारी पतपेढीचे हप्ते आणि भविष्य निर्वाह निधीतून घेतलेल्या अग्रिमाची परतफेड या गोष्टी मात्र कर्मचाऱ्याने लेखी संमती दिली तरच कापता येतात. भविष्य निर्वाह निधीची मासिक वर्गणी, कोर्टाची जप्ती आणि खात्याच्या कथित नुकसानीची वसुली भत्त्यातून करता येत नाही. बिल क्लार्क पुढे करील त्या प्रत्येक कागदावर सही करणाऱ्याच्या हातात महिनाअखेर शे-दोनशे रुपये राहतात. आणि विम्याचे हप्ते सरसकट बंद करणारा संकटाच्या दिवसांतच विम्याशिवाय राहतो. पतपेढीचा हप्ता थोडा थांबवावा, विमा चालू ठेवावा, असे आमचे मत आहे. पण हे घरोघरी वेगळे असू शकते. बँकेच्या गृहकर्जाचे तसे नाही. तो हप्ता खात्यातून ठरल्या तारखेला परस्पर जातो आणि खात्यात पैसे नसले की दंड लागतो. म्हणून हप्ता चुकण्याच्या आधीच शाखेत जाऊन निलंबनाच्या हुकमाची प्रत द्यावी आणि मुदत मागावी. हे कोणाला करता येते? ज्याला घरी सांगता आलेले नाही त्याला तर नाहीच.

दुसरी गोष्ट दिवसांची. निलंबनाच्या हुकमाविरुद्ध अपील करता येते, रेल्वेत नियम १८ प्रमाणे आणि टपाल खात्यात नियम २३ प्रमाणे, आणि दोन्हीकडे मुदत ४५ दिवसांची आहे. तेवीस दिवस बाकावर बसून काढले की निम्मी मुदत संपली. टपाल कर्मचाऱ्यांच्या नियमांत आणखी एक तरतूद आहे. निलंबनाचे ९० दिवस पूर्ण होण्याआधी आढावा समितीने प्रकरण पाहून मुदत वाढविली नाही, तर निलंबन टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दीपक माळी यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. मुदत टळून गेल्यावर केलेल्या आढाव्याने मेलेला हुकूम जिवंत होत नाही. पुढे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी अजय कुमार चौधरी यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की तीन महिन्यांत आरोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे रेटू नये. त्याला अनुसरून केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सूचना काढल्या. या निकालाने प्रत्येकाचे निलंबन नव्वदाव्या दिवशी आपोआप उठते, असे मात्र कोणी समजू नये. नंतरच्या निकालांत प्रत्येक प्रकरणाचा वेगळा विचार झालेला आहे. पण अर्जात त्याचा आधार घेता येतो, रेल्वेतल्या साथींनीही घ्यावा, आणि त्यासाठी घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर हुकमाची तारीख, पंचेचाळिसावा दिवस आणि नव्वदावा दिवस अशा तीन खुणा करून ठेवाव्यात. माणूस खचलेला असतो तेव्हा तारखा त्याच्या लक्षात राहत नाहीत. वहिनींच्या राहतात.

निर्वाह भत्ता ही मेहेरबानी नव्हे, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा बजावले आहे. मध्य प्रदेशातील वनखात्याचे घनश्याम दास श्रीवास्तव रीव्याला होते आणि त्यांची चौकशी जगदलपूरला ठेवली होती. भत्ता मिळालेला नाही, जायला पैसे नाहीत, असे त्यांनी कळवूनही चौकशी त्यांच्या पाठीमागे उरकली गेली. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. १९८३ साली महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान या खटल्यात आपल्याच राज्याचा एक नियम न्यायालयापुढे आला. खालच्या कोर्टात शिक्षा झालेल्या आणि अपील प्रलंबित असलेल्या निलंबित नोकराला महिना एक रुपया निर्वाह भत्ता देण्याचा तो नियम होता. एक रुपया! न्यायालयाने तो मोडीत काढला. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील सुरक्षा अधिकारी कॅप्टन पॉल अँथनी यांना भत्ताच मिळाला नाही. ते केरळात आपल्या गावी आजारी होते, चौकशीला जाण्याइतके पैसेही जवळ नव्हते, आणि एकतर्फी चौकशी करून त्यांना काढून टाकले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि भत्ता नाकारणे हा जगण्याच्या हक्कावरच घाला असल्याचे म्हटले. हे निकाल आम्ही इथे एवढ्यासाठी सांगतो की भत्त्यासाठी बिल क्लार्कच्या टेबलापुढे उभे राहताना कोणाची मान खाली जाऊ नये.

निलंबन काळाचा हिशेब शेवटी कसा होतो, हेही घरच्यांना ठाऊक असलेले बरे. मोठ्या शिक्षेसाठी सुरू झालेली चौकशी अखेर किरकोळ शिक्षेवर मिटली, तर ते निलंबन पूर्णपणे असमर्थनीय मानून त्या काळाचा पूर्ण पगार द्यावा, असा केंद्र सरकारचा ३ डिसेंबर १९८५ चा आदेश आहे. मिळालेला भत्ता वजा करून बाकी रक्कम हाती येते. कामावर परत घेतले यातच आनंद मानून ती न मागणारे पुष्कळ आहेत.

आता काही गोष्टी करू नयेत त्याबद्दल. नवऱ्याच्या काळजीने पत्नी खासदाराकडे जाते, मंत्र्यांना पत्र लिहिते, थेट दिल्लीला अर्ज धाडते. त्यामागची तळमळ आम्ही जाणतो. पण वर्तणूक नियमांप्रमाणे बाहेरचे दडपण आणणे हा गुन्हा समजतात आणि नातेवाइकांनी परस्पर वर पाठविलेले अर्जही त्याच खात्यात जमा धरले जाऊ शकतात. अर्ज कर्मचाऱ्याच्याच सहीने, योग्य मार्गाने जावा. त्याहून घातक म्हणजे दलाल. निलंबनाची बातमी फुटताच 'साहेब आपल्या ओळखीचे आहेत' म्हणणारा कोणीतरी दाराशी येतोच. तो कर्मचाऱ्याला गाठत नाही, घरच्या बाईला गाठतो; तिच्या अंगावर काय आहे ते पाहतो. मंगळसूत्र मोडून दिलेले पैसे कोणत्याही साहेबापर्यंत पोहोचत नाहीत आणि पोहोचले तर आणखी वाईट. अशा माणसाचे नाव त्याच दिवशी शाखेला कळवावे.

मुख्यालय न सोडण्याच्या अटीने आपल्या राज्याबाहेरच्या साथींची फार कोंडी होते. इटारसी, बिलासपूर, सिकंदराबाद, बडोदा अशा ठिकाणी नोकरी आणि आई-वडील साताऱ्याला किंवा जळगावला. अशा वेळी गावी जायचे तर लेखी परवानगी मागावी. आजारपण, लग्न, मर्तिक अशा कारणांसाठी ती मागण्यात कमीपणा नाही. पण ही अट त्याच्यावर आहे. पत्नी-मुलांना कोणी रोखलेले नाही. रोज कार्यालयात येऊन हजेरीची सही करा, असे काही अधिकारी सांगतात. निलंबित माणसावर तसे बंधन नाही. आणि रेल्वेचा दवाखाना किंवा सरकारी आरोग्य योजना निलंबनाने बंद होत नाही. मुलाला ताप आला असताना 'आता आपला हक्क राहिला नाही' म्हणून बाहेरच्या डॉक्टरकडे पैसे मोजणारे घर आम्ही पाहिले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आतापर्यंत आम्ही पती निलंबित आणि पत्नी घरी, असेच धरून चाललो. ही आमची जुनी सवय. आज पोस्टाच्या काउंटरवर, बुकिंग ऑफिसात, केबिनमध्ये भगिनी मोठ्या संख्येने आहेत आणि त्याही निलंबित होतात. एका उपडाकघरात आपल्या एका भगिनीचा पासवर्ड वापरून दुसऱ्यानेच बचत खात्यातून पैसे काढले. व्यवहार तिच्या नावावर दिसत होता, निलंबन तिचे झाले. पासवर्ड दुसऱ्याला दिला ही तिची चूक होतीच. गर्दीच्या दिवशी ती निम्मी कार्यालये करतात, हेही सर्वांना माहीत आहे. घरी गेल्यावर नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, पैसे कुठे ठेवलेस? चौकशीत तिने जे सोसले त्याहून हा प्रश्न जड गेला, असे तिने पुढे आपल्या महिला प्रतिनिधीला सांगितले. नोकरी करणाऱ्या पत्नीचे निलंबन झाले की घरातून राजीनाम्याचा सल्ला फार लवकर मिळतो. दे सोडून, माझा पगार आहे ना. हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी घेऊ नये. चौकशी चालू असताना राजीनामा सहसा स्वीकारत नाहीत, आणि तो दिला म्हणजे कबुली दिली, अशीच गावात समजूत होते.

ग्रामीण डाक सेवकांची स्थिती याहून कठीण. त्यांना निलंबित करीत नाहीत, 'पुट ऑफ' करतात. एके काळी त्या मुदतीत त्यांना दमडीही मिळत नसे. न्यायाधिकरणापर्यंत झालेल्या लढाईनंतर सानुग्रह रक्कम मिळू लागली, ती सुरुवातीला मूळ मोबदल्याच्या २५ टक्के होती. मोबदल्याचा एक हिस्सा घेऊन घर चालवा, असे म्हणणाऱ्यांनी एक महिना तसे करून दाखवावे.

ज्येष्ठ साथींना ८ मे ते २७ मे १९७४ चा संप आठवत असेल. हजारो पकडले गेले, हजारोंना कामावरून काढले, क्वार्टर्समधून बायका-मुलांना सामानासकट बाहेर काढले गेले. तेव्हा पुरुष तुरुंगात किंवा भूमिगत, आणि कॉलन्या उभ्या राहिल्या त्या बायकांच्या जिवावर. काढलेल्या कामगारांना परत घेतले गेले ते १९७७ नंतर, प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना. मधली तीन वर्षे ती घरे कोणी चालवली याची नोंद संघटनांच्या अहवालांत फारशी सापडत नाही. त्या काळी निदान शेजारची चूलही तशीच विझलेली होती. कोणाला लपवावे लागत नव्हते. आजचा निलंबित माणूस एकटा असतो. शेजारच्या घरी पगार झालेला असतो.

तेव्हा आमची सर्व शाखांना सूचना आहे. निलंबनाची बातमी कळताच तीन दिवसांच्या आत दोन कार्यकर्त्यांनी त्या घरी जावे, त्यांपैकी एक शक्यतो भगिनी असावी. आधी साथीला विश्वासात घ्यावे. त्याने घरी सांगितले नसेल तर त्याला सांगायला लावावे, आपण परस्पर सांगू नये. मग दोघांसमोर बसून हुकूम वाचून दाखवावा, प्रमाणपत्र तिथेच भरून घ्यावे, कपातीच्या कागदावर चर्चा करावी. प्रकरणात आपला साथी दोषी आहे की निर्दोष, हा विचार त्या दिवशी दाराबाहेर ठेवावा. दोषी असला तरी त्याची मुले निर्वाह भत्त्याची मालक आहेत. चहा मिळाला तर घ्यावा. नाकारला तर त्या घराला वाटते की आपण आता कमी झालो. पुढच्या पहिल्या तारखेला पुन्हा जावे, भत्ता जमा झाला की नाही ते पाहण्यासाठी.

प्रत्येक शाखेत प्रकरणांची नोंदवही असते. तिच्यात हुकमाची तारीख, अपिलाची तारीख, आरोपपत्राची तारीख असे रकाने आहेत. या महिन्यापासून त्यात आणखी एक रकाना आखावा: घरी कोण गेले, केव्हा. विभागीय सचिवांनी शाखेला भेट द्यायला आल्यावर तो रकाना आधी पाहावा.